चेन्नईतील दोन दिवस: रंगमंच, बाजारपेठा आणि संग्रहालये

महाराष्ट्रातून चेन्नईला जाणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांच्या दृष्टीने हे शहर मुक्कामाचे नसून वाटेवरचे असते. तिरुपती, कांचीपुरम, महाबलीपुरम, पुदुच्चेरी किंवा रामेश्वरम येथे जाण्यासाठी रेल्वे अथवा विमान बदलण्याचे ठिकाण एवढीच त्याची ओळख असते. मरीना समुद्रकिनाऱ्यावर एक संध्याकाळ आणि त्यागराय नगरमध्ये रेशमी साड्यांची खरेदी, इतक्यावर चेन्नईदर्शन आटोपले जाते. "पाहण्यासारखे विशेष काही नाही आणि उकाडा फार" असा अभिप्राय घेऊन मंडळी परततात.

उकाड्याविषयीची तक्रार खरी आहे. पाहण्यासारखे काही नाही, हे मात्र खरे नाही. चेन्नईमध्ये एखादी जगप्रसिद्ध वास्तू नाही आणि शहराचे वैभव एका नजरेत भरेल असा एखादा चौकही नाही. येथील नाटक, बाजार आणि संग्रहालये यांची आपापली वेळापत्रके आहेत, स्वतःच्या रीती आहेत. त्या ठाऊक नसल्या तर बंद दारे पाहून परतावे लागते. ठाऊक असल्या तर शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत या शहराचा मोठा भाग उलगडतो आणि मराठी माणसाला स्वतःच्या इतिहासाचे काही तुकडे तेथे अनपेक्षितपणे भेटतात.

पहिली अडचण वारांची आहे. एग्मोर येथील शासकीय संग्रहालय आणि सेंट जॉर्ज किल्ल्यातील संग्रहालय ही दोन्ही शुक्रवारी बंद असतात. महाराष्ट्रातील अनेक संग्रहालयांना सोमवारी सुटी असते, त्या सवयीने शुक्रवारी पोहोचणाऱ्याचा दिवस वाया जातो. दुसरीकडे, जॉर्ज टाऊन या जुन्या व्यापारी भागातील घाऊक दुकाने रविवारी बहुतेक बंद असतात. त्यामुळे शनिवारी किल्ला व जॉर्ज टाऊन, आणि रविवारी मैलापूर व एग्मोर हा क्रम सोयीचा ठरतो.

किल्ला आणि एक पत्रव्यवहार

ईस्ट इंडिया कंपनीला मद्रासच्या किनाऱ्यावरील जागेची सनद २२ ऑगस्ट १६३९ रोजी मिळाली. चेन्नई शहर हाच दिवस आपला वर्धापनदिन मानते. त्यानंतर काही वर्षांत येथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. आज तमिळनाडूचे सचिवालय आणि विधानसभा याच किल्ल्यात असल्याने प्रवेशद्वारावर तपासणी होते. ओळखपत्र जवळ ठेवावे.

किल्ल्यातील संग्रहालय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात असून ते १९४८ मध्ये सुरू झाले. त्याची इमारत १७९५ ची, म्हणजे व्यापाऱ्यांच्या देवघेवीसाठी बांधलेल्या दालनाची आहे. एके काळी तिच्या छपरावर शहराचे दीपगृह होते. आत नाणी, शस्त्रे, गव्हर्नरांची तैलचित्रे आणि थॉमस बँक्स या शिल्पकाराने घडविलेला लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा आहे. पुतळ्याच्या चौथऱ्यावर टिपू सुलतानाचे दोन पुत्र ओलीस म्हणून स्वाधीन केले जात असल्याचे दृश्य कोरलेले आहे. १७९२ च्या त्या तहाच्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे लक्षात ठेवून ते पाहिले तर थोडे अवघडल्यासारखे होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पहाटे या किल्ल्यावर फडकविलेला तिरंगा ध्वजही येथे जतन केलेला असून २०१३ पासून तो जनतेला पाहता येतो. या एका वस्तूसाठी किल्ल्यात जावे.

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या दप्तरातील एक नोंद मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी आहे. दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत छत्रपती शिवाजी महाराज मे १६७७ मध्ये मद्रासच्या परिसरातून जिंजीकडे जात होते. त्या वेळी त्यांच्याकडून किल्ल्यातील इंग्रजांकडे एक पत्र आले. काही शक्तिवर्धक औषधे आणि विषावरील उतारे यांची त्यात मागणी होती. गव्हर्नर विल्यम लँगहॉर्न यांच्या मंडळाने विचार करून ही औषधे पाठविली आणि त्यांची किंमत घेतली नाही. एवढ्या मोठ्या फौजेच्या सेनानीला दुखवू नये, हा व्यापारी शहाणपणा त्यामागे असणार, हे सांगायला नको.

किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर, तंबु चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ देवीचे मंदिर आहे. महाराजांनी ३ ऑक्टोबर १६७७ रोजी येथे देवीचे दर्शन घेतले, असे मंदिराची परंपरा सांगते. चेन्नईला येणारे अनेक मराठी प्रवासी त्या श्रद्धेने येथे आवर्जून येतात. पत्रव्यवहाराची नोंद समकालीन दप्तरात आहे आणि दर्शनाची तारीख मंदिराच्या परंपरेतील आहे, हा फरक मनाशी ठेवून दोन्हींचा आदर करता येतो. तमिळ कवी सुब्रमण्य भारती हेही या देवीच्या दर्शनाला येत असत.

सावकार पेठ आणि कोतवाल चावडी

मंदिरातून बाहेर पडले की जॉर्ज टाऊनचा बाजार सुरू होतो. पुण्यातील पेठांमध्ये किंवा मुंबईतील भुलेश्वर-मंगळदास मार्केटच्या परिसरात फिरलेल्या माणसाला येथील रचना चटकन समजते. एका रस्त्यावर एका जिनसेचा व्यापार, ही येथील जुनी वहिवाट आहे. गोडाऊन स्ट्रीटवर कापड, अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि लग्नपत्रिका, देवराज मुदली स्ट्रीटवर काच व आरसे, नैनियप्पा नायकन स्ट्रीटवर रसायने. मोटारीने येथे येणे म्हणजे शिक्षा आहे. मेट्रोच्या हायकोर्ट किंवा मन्नडी स्थानकावर उतरून पायी फिरणे उत्तम.

येथील काही नावे मराठी कानाला परकी वाटत नाहीत. मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती असलेल्या भागाला 'सौकारपेट' म्हणतात. ती आपली सावकार पेठच. जवळच 'कोत्तवाल चावडी' आहे. भाजीपाल्याचा शहरातील सर्वांत मोठा घाऊक बाजार अनेक पिढ्या येथे भरत असे. गल्ल्या अरुंद आणि मालमोटारी मोठ्या, अशी अवस्था झाल्यावर १९९६ मध्ये हा व्यापार शहराच्या पश्चिमेस कोयंबेडू येथील नव्या संकुलात हलविण्यात आला. पुण्यात मंडईतील घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला, तशीच ही गोष्ट. कोयंबेडूचे संकुल किती मोठे आहे याची प्रचिती २०२० मध्ये वेगळ्याच कारणाने आली. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत हा बाजार करोनाच्या संसर्गाचे मोठे केंद्र ठरला, त्याचा प्रादुर्भाव अनेक जिल्ह्यांत पोहोचला आणि काही महिने बाजार शहराबाहेर तिरुमळिसै येथे भरवावा लागला. पहाटे उठण्याची तयारी असेल तर कोयंबेडूचा फुलांचा विभाग पाहावा. शेवंती, मोगरा आणि झेंडूचे ढीग तेथे किलोवर विकले जातात.

सेंट्रल रेल्वे स्थानकाच्या शेजारी उभ्या असलेल्या मूर मार्केटची आठवण जुन्या चेन्नईकरांच्या बोलण्यात अजून निघते. १९०० मध्ये सुरू झालेल्या या लाल विटांच्या बाजारात जुनी पुस्तके, ग्रामोफोनच्या तबकड्या, पक्षी, मासे, खेळणी सारे मिळे. रेल्वेच्या विस्तारासाठी ही जागा हवी होती आणि दुकानदार हटण्यास तयार नव्हते. ३० मे १९८५ रोजी बाजाराला आग लागून तो नष्ट झाला. त्या जागी उपनगरी रेल्वेचे स्थानक उभे राहिले. पुस्तकविक्रेत्यांना जवळच अल्लिकुळम संकुलात गाळे मिळाले. जुन्या पुस्तकांचा शौक असलेल्यांनी तेथे डोकवावे. तथापि मूर मार्केट ज्यांनी पाहिले आहे त्यांचे समाधान तेथे होत नाही.

बीच रेल्वे स्थानकासमोरच्या बर्मा बाजाराची कथा विस्थापनाची आहे. १९६२ मध्ये ब्रह्मदेशात लष्करी राजवट आली, व्यापाराचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या तमिळ कुटुंबांना रिकाम्या हाताने मायदेशी परतावे लागले. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९६९ मध्ये हा बाजार वसविण्यात आला. परदेशी घड्याळे आणि कॅसेट-रेकॉर्डर यांचा काळ सरला. आता मोबाईलचे सुटे भाग दिसतात. परंतु संध्याकाळी परिसरातील हातगाड्यांवर मिळणारा 'अत्तो' हा शेवयांचा ब्रह्मी पदार्थ मात्र त्या परतलेल्या कुटुंबांबरोबर आला आणि टिकला.

खरेदीसाठी प्रसिद्ध असलेल्या त्यागराय नगराविषयी फार लिहिण्याची गरज नाही. रंगनाथन स्ट्रीटवरील गर्दी हा एक अनुभव आहे, तो दिवाळीपूर्वीच्या रविवारी घेऊ नये एवढेच सुचवावेसे वाटते. २०१९ मध्ये पादचाऱ्यांसाठी मोकळा केलेला पाँडी बाजारचा रुंद पदपथ मात्र निवांत चालण्याजोगा आहे.

नाटक शोधायचे कोठे?

शनिवारी संध्याकाळी नाटक पाहावे, अशी इच्छा मराठी माणसाला होणे स्वाभाविक आहे. येथे त्याची पंचाईत होते. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचे भरगच्च पान नसते, नाट्यगृहावर तीन प्रयोगांचे फलक नसतात. यावरून चेन्नईत नाटक नाही असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुस्थिती अशी की, येथील नाटकाची व्यवस्थाच निराळी आहे.

मुंबई-पुण्यात नाटकाचे अर्थकारण तिकीटबारीवर चालते. निर्माता नाट्यगृहाची तारीख घेतो, जाहिरात देतो आणि नफा-तोटा त्याच्या पदरी पडतो. चेन्नईत हे काम 'सभा' करतात. सभा म्हणजे रसिकांनी चालविलेली संस्था. सभासद वर्षाची वर्गणी भरतात आणि त्या मोबदल्यात सभा वर्षभर त्यांच्यासाठी गायन, नृत्य, नाटक यांचे कार्यक्रम ठेवते. नाटकमंडळींना ठरावीक बिदागी दिली जाते. आपल्याकडे ज्याला कंत्राटी प्रयोग म्हणतात, तीच येथील मुख्य पद्धत. त्यामुळे नाटकाची जाहिरात गावभर करण्याचे कारण उरत नाही. सभासदाला कार्यक्रमपत्रिका घरपोच मिळते. परगावच्या प्रेक्षकाने सभेच्या कार्यालयात चौकशी करावी किंवा वर्तमानपत्रातील 'आजचे कार्यक्रम' हे छोटे सदर पाहावे. जागा असल्यास दारावर तिकीट मिळते आणि कित्येक कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्यही असतो.

या पद्धतीचा आरंभ १८९१ मध्ये स्थापन झालेल्या सुगुण विलास सभेपर्यंत नेता येतो. पम्मल संबंध मुदलियार हे तिचे प्रवर्तक. ते पुढे वकील आणि न्यायाधीश झाले. त्यांनी तमिळमध्ये नव्वदहून अधिक नाटके लिहिली. तोपर्यंतचे तमिळ नाटक रात्रभर चालणारे, गाण्यांनी भरलेले आणि प्रतिष्ठितांच्या दृष्टीने हलके मानले जाणारे होते. वकील, प्राध्यापक, सरकारी अधिकारी स्वतः रंगभूमीवर उभे राहू लागले, गद्य संवाद आले, प्रयोगाची वेळ आटोपशीर झाली. सुगुण विलास सभेचे प्रयोग सेंट्रल स्थानकाजवळील व्हिक्टोरिया पब्लिक हॉलमध्ये होत. रॉबर्ट चिझम यांनी आराखडा केलेली ही लाल इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील. मद्रासमध्ये चलच्चित्रे प्रथम दाखविली गेली ती येथेच, असे मानले जाते. त्यानंतर कित्येक दशके ती दुर्लक्षित अवस्थेत बंद होती. अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने तिच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले.

सभांच्या जोडीला व्यावसायिक कंपन्याही होत्या. शंकरदास स्वामिगळ यांच्या परंपरेतील 'बॉईज कंपन्यां'मध्ये लहान मुले गुरुकुलासारखी राहून गाणे, अभिनय, तालीम शिकत. आपल्याकडील नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांची आठवण व्हावी असे हे जीवन होते. तमिळ चित्रपटाचे दोन महानायक, एम. जी. रामचंद्रन आणि शिवाजी गणेशन, याच शाळेतून आले. शिवाजी गणेशन यांच्या नावाची कथा मराठी वाचकाला ठाऊक असावी. त्यांचे मूळ नाव व्ही. सी. गणेशन. सी. एन. अण्णादुराई, जे पुढे १९६७ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले, त्यांनी १९४० च्या दशकात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर एक नाटक लिहिले. त्यात गागाभट्टांची भूमिका स्वतः अण्णादुराई करीत आणि शिवाजीची गणेशन. ती भूमिका पाहून पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी या नटाला 'शिवाजी' म्हटले आणि तेच नाव कायम झाले. योगायोग असा की, पुढच्या पिढीतील महानायक रजनीकांत हे बंगळूरच्या मराठी कुटुंबातील शिवाजीराव गायकवाड. एका गणेशनचा शिवाजी झाला आणि एका शिवाजीचा रजनीकांत! शिवाजी गणेशन यांचे स्मारक २०१७ पासून अड्यार भागात आहे.

१९५० ते १९८० या काळात सभांचे नाटक भरात होते. के. बालचंदर यांच्यासारखे दिग्दर्शक तेथून चित्रपटात गेले. चो रामस्वामी यांचे १९६८ चे 'मुहम्मद बिन तुघलक' हे राजकीय प्रहसन गाजले. नंतर दूरचित्रवाणीवरील मालिकांनी संध्याकाळचा प्रेक्षक घरात बसविला. अनेक सभांचे सभासद वयस्क झाले, नवे सभासद येईनात. सभेच्या व्यवस्थेचा दुबळा दुवा येथे दिसतो. तिकीटबारीवर चालणाऱ्या नाटकाला नवा प्रेक्षक शोधावाच लागतो, नाहीतर ते बंद पडते. वर्गणीवर चालणारे नाटक जुन्या प्रेक्षकाच्या आवडीत अडकून पडू शकते. घरगुती विनोदी नाटकांचा एकच साचा पुष्कळ काळ का चालला, याचे एक कारण यात आहे. उलटपक्षी, नफ्याची चिंता नसल्याने पाच-पन्नास वर्षे टिकलेल्या हौशी संस्थाही याच व्यवस्थेने जगविल्या, हेही नमूद केले पाहिजे. कार्तिक फाईन आर्ट्स ही संस्था उन्हाळ्यात भरविते तो 'कोडै नाटक विळा', म्हणजे ग्रीष्म नाट्यमहोत्सव, नवी नाटके पाहण्याची उत्तम संधी असते.

सभेच्या चौकटीबाहेरही रंगभूमी आहे. इंग्रजी नाटके करणारी 'द मद्रास प्लेयर्स' ही संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. ना. मुत्तुस्वामी यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेल्या 'कूत्तुप्पट्टरै'ने तेरुक्कूत्तु या लोकनाट्याच्या शरीरभाषेतून नवे तमिळ नाटक घडविण्याचा प्रयत्न केला. मुत्तुस्वामी २०१८ मध्ये निवर्तले. तेरुक्कूत्तु मूळचे कांचीपुरम-तिरुवण्णामलै भागातील. कोकणातील दशावताराप्रमाणे ते रात्रभर चालते आणि महाभारतातील कथा, विशेषतः द्रौपदीची, सांगते.

तमिळ येत नाही म्हणून नाटक टाळावे असे वाटत असेल, तर नृत्याचा कार्यक्रम निवडावा. आज भरतनाट्यम्‌च्या मैफलीत अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम् असा जो क्रम असतो, तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंनी बांधला. त्यांना आश्रय होता तंजावरच्या मराठी दरबाराचा. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) स्वतः मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' हे नृत्यनाट्य लिहिले आणि त्यात जगाचा भूगोल सांगितला. कुरवंजी हा मूळ तमिळ प्रकार. भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री त्यात असते. तिच्या तोंडी देशोदेशींची नावे घालण्याची कल्पना या राजाला सुचली. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, शहाजीराजांनी तंजावरात मराठी नाटके रचली होती. सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केले ते १८४३ मध्ये. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा सांगलीपासून सुरुवात करतो आणि तंजावर तळटीपेत टाकतो, ही सवय चेन्नईच्या एखाद्या सभागृहात बसल्यावर थोडी खटकते.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मार्गळी महिन्यात आलेल्या प्रवाशाला तर निवडीचेच संकट पडते. १९२७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाबरोबर एक संगीत परिषद झाली आणि तीतून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी जन्माला आली. तेव्हापासून वाढत गेलेल्या या हंगामात सकाळपासून रात्रीपर्यंत शहरभर कार्यक्रम चालतात. सकाळच्या हरिकथांना अवश्य जावे. मराठी कीर्तनकार तंजावरात येत, त्यांचे ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकात आजच्या तमिळ हरिकथेचे रूप सिद्ध केले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे तेथे जशीच्या तशी आहेत. हंगामात सभांच्या आवारात लागणाऱ्या उपाहारगृहांची कीर्तीही गायकांपेक्षा कमी नसते. तेथील सांबाराचा संबंध संभाजीराजांशी जोडणारी कथा कोणी ना कोणी ऐकवतोच. ती ऐकावी, तिला पुरावा मागू नये, कारण तो नाही.

आधी मैलापूर, मग एग्मोर

रविवारची सकाळ मैलापूरसाठी राखून ठेवावी. कपालीश्वर मंदिर दुपारी बंद होते, म्हणून लवकर जावे. मंदिराभोवतीच्या माड रस्त्यांवर पूजासाहित्य, तांब्या-पितळेची भांडी, नृत्याचे दागिने आणि ताज्या भाज्या यांची छोटी दुकाने आहेत. नवरात्रापूर्वी उत्तर माड रस्त्यावर 'गोलू'साठी मातीच्या बाहुल्यांचा बाजार भरतो. घरात पायऱ्या मांडून त्यावर देवादिकांच्या, संतांच्या, लग्नाच्या वरातीच्या बाहुल्या सजविण्याची ही प्रथा आपल्या गौरींच्या आराशीची आठवण करून देते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातील सर टी. माधवराव यांनी आपले अखेरचे दिवस याच मैलापुरात घालविले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मैलापूर आधी आणि एग्मोर नंतर, या क्रमाला कारण आहे. मंदिरातील गाभाऱ्यात मूळ मूर्ती दगडाची असते आणि ती हलत नाही. उत्सवात पालखीतून, रथातून बाहेर पडणारी मूर्ती पंचधातूची असते. भाविकाला तिचे दर्शन होते ते रेशमी वस्त्रे, दागिने आणि हार यांच्या आड. दिसतो तो बहुधा चेहराच. एग्मोरच्या संग्रहालयातील कांस्यदालनात याच उत्सवमूर्ती वस्त्रालंकारांविना उभ्या आहेत. शिल्पकाराने घडविलेली खांद्याची गोलाई, कमरेचा बाक, बोटांची ठेवण प्रथमच दिसते. मूर्तींच्या बैठकीकडेही पाहावे. तेथे कड्या किंवा भोके असतात. वाहून नेण्यासाठी दांडे अडकविण्याची ती सोय. मूर्ती चालण्यासाठी घडविली होती, याची ती खूण आहे.

या मूर्ती मेणाच्या साच्याने घडत. प्रथम संपूर्ण मूर्ती मेणात करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचे आणि पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. नंतर माती फोडायची. म्हणजे प्रत्येक साचा एकदाच वापरता येतो आणि कोणतीही मूर्ती दुसरीसारखी तंतोतंत होत नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात ही कृती दिलेली आहे. कुंभकोणमजवळ स्वामिमलै येथील स्थपती आजही अशाच रीतीने काम करतात. दालनातील तिरुवालंगाडूचा नटराज आणि तिरुवेंगाडूचा अर्धनारीश्वर या अकराव्या शतकातील चोळकालीन मूर्तींपुढे घाई करू नये. फ्रेंच शिल्पकार रोदँ यांनी तिरुवालंगाडूच्या नटराजाची केवळ छायाचित्रे पाहून त्यावर लेख लिहिला होता. संकटकाळी पुजाऱ्यांनी जमिनीत पुरून ठेवलेल्या आणि शतकांनंतर नांगराला किंवा कुदळीला लागलेल्या मूर्तीही या संग्रहात आहेत.

कोलकात्याच्या इंडियन म्युझियमनंतरचे देशातील हे दुसरे जुने संग्रहालय. १८५१ मध्ये एडवर्ड बाल्फोर यांच्या देखरेखीखाली ते सुरू झाले आणि १८५४ मध्ये सध्याच्या जागी आले. बाल्फोर यांनी आवारात जिवंत प्राणीही ठेवले होते; शहराच्या प्राणिसंग्रहालयाची सुरुवात तीच. पल्लावरम येथे १८६३ मध्ये अश्मयुगीन हातकुऱ्हाड शोधून भारतीय प्रागितिहासाचा पाया घालणारे रॉबर्ट ब्रूस फूट यांचा संग्रहही येथे आहे.

मराठी प्रेक्षकाने न चुकता पाहावे असे दालन अमरावतीच्या शिल्पांचे आहे. ही अमरावती विदर्भातील नव्हे, आंध्र प्रदेशात कृष्णाकाठची. तेथील बौद्ध स्तूपाचा विस्तार सातवाहनांच्या काळात झाला आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी याचा शिलालेखही तेथे सापडला आहे. पैठणचे सातवाहन ते हेच. नाशिकच्या लेण्यांत आणि नाणेघाटात आपल्याला भेटणारे. फिकट हिरवट-पांढऱ्या चुनखडी दगडावर कोरलेल्या या शिल्पपटांची पुढे दैना झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्तूपाचे दगड बांधकामासाठी उपसले जात होते, काही तर चुन्यासाठी भाजले गेले. वॉल्टर इलियट यांनी १८४५ मध्ये उत्खनन करून अनेक शिल्पे मद्रासला आणली. ती वर्षानुवर्षे उन्हापावसात पडून राहिली. १८५९ मध्ये त्यांतील मोठा भाग लंडनला रवाना झाला आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नंतरच्या उत्खननांतील शिल्पे एग्मोरला आली. त्यांतील बरीच १८८० च्या दशकात भिंतीत पक्की बसविण्यात आली, तेव्हाच तज्ज्ञांनी त्याला हरकत घेतली होती. सुरक्षित राहावीत म्हणून केलेला तो उपाय पुढे जतनाच्या दृष्टीने डोकेदुखी ठरला.

संग्रहालयाच्या आवारातील इमारती हेन्री अर्विन यांच्या आहेत. सिमल्याचा व्हाइसरॉयचा वाडा आणि म्हैसूरचा राजवाडा ही त्यांचीच कामे. राष्ट्रीय कलादालनाची इमारत गुलाबी दगडाची असून बाहेरूनही पाहण्यासारखी आहे. आतील दालने उघडी आहेत का, हे विचारून घ्यावे. शेजारचे कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय ५ डिसेंबर १८९६ रोजी उघडले. कायद्यानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ज्या चार ग्रंथालयांना मिळते, त्यांपैकी हे एक. अर्थात पुण्या-मुंबईत छापलेल्या मराठी पुस्तकांचाही त्यात समावेश होतो.

ज्या जागेवर हे सारे उभे आहे, तिचे जुने नाव पँथिऑन. रस्त्याचे नावही अद्याप तेच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील इंग्रज येथे मेजवान्या, नृत्य आणि नाटके करण्यासाठी जमत. पुढे ती मालमत्ता एका आर्मेनियन व्यापाऱ्याकडे गेली, सरकारने ती परत विकत घेतली आणि तेथे संग्रहालय आले. नाटक मात्र या जागेवरून गेले नाही. १८९६ मध्ये आवारातच अर्धवर्तुळाकार म्युझियम थिएटर बांधण्यात आले. तेथे आजही नाटकांचे प्रयोग होतात. संग्रहालयाची दालने संध्याकाळी पाचला बंद होतात. त्या रविवारी थिएटरमध्ये प्रयोग असेल, तर मधल्या वेळात रस्त्यापलीकडे कॉफी घेऊन परत त्याच आवारात यावे. एग्मोर रेल्वे स्थानक येथून जवळ असल्याने रात्रीची गाडी गाठणेही कठीण जात नाही. फक्त आपली गाडी एग्मोरहून सुटते की सेंट्रलहून, हे तिकिटावर आधी पाहून ठेवावे.